चन्नप्पाचा अंगठा आणि सरांच्या रेघा

चन्नप्पा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आता उगीच गोड कशाला बोलू? अडुसष्ट सालच्या जूनमध्ये तो आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून लागला, तोही टेंपररी. आल्या आल्या त्यानं माझ्या स्टोअरच्या कपाटावरून बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "धूळ हाय की." मी धोंडीराम, लॅब असिस्टंट, कायम नोकरीतला माणूस, स्टोअरच्या किल्ल्या माझ्या कमरेला, आणि हा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान बाप्या मला धूळ दाखवतोय! मी म्हणालो, "दिसली नव्हं? मग पूस." त्यानं पुसली. इतकी स्वच्छ पुसली की माझा राग दुप्पट झाला.

मी मूळचा केम गावचा. प्राध्यापकांचं ऐकून ऐकून माझी बोली बाटली, पण डोकं अजून गावाकडचंच, पटकन तापतं. चन्नप्पा मला 'केमकर' म्हणायचा. माझं आडनाव केमकर नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, शर्टाची वरची गुंडी लावलेली, बोलणं तुटक. चहाला चला म्हटलं तर "नको." गप्पा मारू म्हटलं तर "काम हाय." असल्या माणसाशी मैत्री कोण करणार? बाकीचे शिपाई त्याला भ्यायचे. मी भीत नव्हतो, मी त्याचा रागच करायचो.

तो आमच्याच शहरातल्या बाळीवेस पेठेतला. त्याच्या घरी इष्टलिंगावर काळा लेप चढवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लिंगायत माणसं गळ्यात जे लिंग बांधतात, त्याच्यावर काळं कुळकुळीत कवच असतं. राळ, भस्म, बिब्ब्याचं तेल असलं काय काय कालवून ते करतात. नेमकं किती आणि कसं, ते त्याच्या बापानं, महादेवप्पानं, सख्ख्या जावयालासुद्धा सांगितलं नव्हतं. लेप सुकला की अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यानं घासायचा, तोंड दिसेपर्यंत. आणि घासायचा तो एकाच दिशेनं, आपल्यापासून पुढं. हात मागं आणताना उचलून आणायचा. उलटा हात फिरला की लेप बाटला, खरवडून परत पहिल्यापासून. हा त्यांच्या घरचा नियम, आणि चन्नप्पा सात वर्षांचा असल्यापासून तो पाळत आलेला.

मग हा माणूस कॉलेजात बाटल्या धुवायला का आला? तर बापाचा जीव थोरल्यावर, नागप्पावर. धंदा थोरल्याच्या हाती गेला, आणि धाकट्यानं तिथं भावाच्या हाताखाली बसायचं. हा चिडला, बायको चंद्रव्वा आणि दोन पोरी घेऊन भाड्याच्या खोलीत गेला आणि बापाला सांगून आला की मी सरकारी पगार घेऊन दाखवतो. पण टेंपररीचं दुखणं तुम्हाला माहीत आहे का? दर एप्रिलच्या तीस तारखेला काढून टाकायचे आणि जूनच्या पंधराला परत घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी धरायला नको. ते दीड महिने चन्नप्पा काय खाणार? मान खाली घालून बापाच्या ओसरीवर लेप घासायला जायचा. आणि बाप सगळ्यांसमोर म्हणायचा, "आलास का सुट्टीवर?" नऊ वर्षं, नऊ मे महिने हे चाललं. त्याला दुसरं काही नको होतं. एकदा कायमची ऑर्डर हातात पडावी आणि त्या ओसरीची पायरी परत चढायला लागू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. हे मला त्यानं नाही सांगितलं, चंद्रव्वानं माझ्या बायकोला सांगितलं, वच्छलाला. आणि वच्छलाच्या पोटात काय राहतंय!

आता इंगळे सरांकडं येतो. मानसिंग इंगळे, अकलूजचे, आमच्या डिपार्टमेंटचे मुख्य. घरचा ऊस, पायात कायम पॉलिश केलेले बूट, आणि जीभ अशी की सकाळी सकाळी समोर जाऊ नये. बहात्तर साली त्यांना पीएच.डी.चं वेड लागलं. विषय असा: बेरियम टायटानेट नावाची पांढरी पूड. तिचे बारीक कण चिनी मातीसारख्या दुसऱ्या पुडीत मिसळायचे, दाबून चार आण्याच्या नाण्याएवढी चकती करायची आणि भट्टीत तेराशे अंशांवर भाजायची. सर त्याला सिरॅमिक कंपोझिट म्हणत, आम्ही टिकली म्हणायचो. सगळी गंमत त्या आतल्या कणांत. एकेका कणात वीज एका बाजूला तोंड करून बसलेली असते म्हणे. पण अख्ख्या कणात एकाच बाजूला नाही. कणाचे पट्टे पडलेले असतात, ह्या पट्ट्यात तोंड इकडं, शेजारच्यात तिकडं. आपल्या चादरीला पट्टे असतात तसे, फक्त केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. त्यांना सर 'डोमेन' म्हणत. टिकली आरशासारखी घासून क्षणभर ॲसिडात बुडवली, की ॲसिड एका पट्ट्याला जास्त खातं, दुसऱ्याला कमी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्ट्यांच्या रेघा दिसायला लागतात. रेघांचं कोडं सुटलं तर रेडिओतले कपॅसिटर सुधारतील, असं सर सांगायचे. मी आपली मान डोलवायचो.

टिकली घासायचं काम पहिल्यांदा माझ्याकडं आलं. चार महिने घासलं मी. बोटांची सालं निघाली. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बी.एस्सी.च्या पोरांसमोर म्हणाले, "धोंडीराम, ही टिकली आहे का नांगरलेलं रान?" पोरं फिदीफिदी हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तेवढ्यात मागून चन्नप्पा म्हणाला, "सर, मी बगू का?"

बघितलं की त्यानं! मखमलीच्या तुकड्यावर पांढरी पावडर पाण्यात कालवली, टिकली अंगठ्याच्या बुडाखाली दाबली आणि घासायला लागला. पुढं रेटायची, उचलायची, परत पुढं रेटायची. लिंग घासावं तसंच. मी म्हटलं, "गोल फिरव की, लवकर होईल." तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या देवाला शिवी दिली. दोन दिवसांनी टिकलीत खिडकीचे गज दिसायला लागले. ॲसिडात बुडवून सरांनी बघितलं आणि अर्धा तास त्यांनी डोळा काढला नाही. मलाही बोलावून दाखवलं. राखाडी खड्यांसारखे कण, आणि जवळजवळ प्रत्येक कणात बारीक समांतर रेघा, सगळ्या डावीकडं कललेल्या. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं ते. माझ्या जिवाची तडफड झाली.

पुढं चार वर्षं चन्नप्पानंच टिकल्या घासल्या. साठ टिकल्या असतील. प्रत्येक टिकलीच्या कडेला सर पेन्सिलीनं खूण करायचे, भट्टीच्या दाराकडची बाजू कळावी म्हणून, आणि चन्नप्पा ती खूण नेहमी वरच्या अंगाला धरून घासायचा. प्रत्येकीत रेघा डावीकडंच कललेल्या. सरांनी त्यावरून सिद्धांत काढला: भट्टी दाराकडून आधी गार होते, आजूबाजूची माती त्या बाजूनं कणांना दाबते, म्हणून सगळ्या कणांतले पट्टे एकाच दिशेला वळतात. त्याच्यावर दोन लेख छापून आले. थीसिस टाइप झाला. छायाचित्रांखाली सरांचं नाव. चन्नप्पाचं नाव कुठंही नव्हतं, त्याची मला खंत नव्हती. उलट बरंच वाटलं.

शहात्तरच्या शेवटी संस्थेनं अटेंडंटची एक कायम जागा मंजूर केली. मुख्यांची लेखी शिफारस लागणार होती. सर चन्नप्पाला म्हणाले, "मार्चमध्ये बंगळूरचे परीक्षक लॅब बघायला येतायत. ते एकदा गेले की तुझ्या कागदावर सही करतो." त्या दिवशी मी चन्नप्पाला पहिल्यांदा हसताना बघितलं. दात चांगले होते त्याचे.

आणि मग संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आली. जत्रेआधी लेपाची कामं तुंबतात म्हणून बापानं निरोप धाडला, आणि रविवारचा दिवस हा गेला मदतीला. नेमका लेपातला बिब्बा उतला. उजवा अंगठा भोपळ्यासारखा सुजला, फोड आले. इकडं सरांना दोन टिकल्या ताबडतोब पाहिजे होत्या. चन्नप्पानं डाव्या हातानं घासल्या. सवय नाही, आठवडा लागला, पण झाल्या. ॲसिडात बुडवून त्यानं स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, एव्हाना त्याला ते येत होतं. मी कपाट लावत होतो. त्यानं टिकल्या दोनदोनदा फिरवून बघितल्या. मग म्हणाला, "केमकर, जरा हिकडं बग."

मी बघितलं. रेघा होत्या, छान होत्या. पण उजवीकडं कललेल्या.

"टिकली उलटी ठेवली असशील," मी म्हणालो.

"खूण वरच हाय. बग की. भट्टी तीच, माती तीच. फकस्त हात बदलला."

मला कळलं. मी ढ नाही. पण मी म्हणालो, "मग मला काय त्याचं?"

दुसऱ्या कुणीही तोंड शिवून घेतलं असतं. दोन महिन्यांवर ऑर्डर आलेली! पण ह्याच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं एक टिकली मधोमध मोडली. एक तुकडा उभा घासला, दुसरा आडवा, आणि दोन्ही लाखेनं एका काचेवर जसे होते तसे चिरेला चीर लावून चिकटवले. टिकली एक, भट्टी एक, आणि चिरेच्या ह्या बाजूला रेघा आडव्या, त्या बाजूला उभ्या. ती काच घेऊन हा थेट सरांच्या केबिनमध्ये गेला. मी मागोमाग गेलो, रजिस्टरवर सही घ्यायच्या निमित्तानं. अशी मजा कोण सोडणार?

सरांनी बघितलं. मान वर केली तेव्हा चेहरा उतरलेला.

"सर, ह्या रेघा भट्टीच्या न्हाईत," चन्नप्पा म्हणाला. "माज्या अंगठ्याच्या हायत. मी जिकडं रेटतो त्याला आडव्या पडत्यात. दाबामुळं कणातलं पट्टं फिरत असतील. चूक माजी हाय सर, मला एकाच अंगानं घासायची सवय. पण तुमी ल्हिलंय ते तसं न्हाय."

"तू हे कुणाला दाखवलंस?"

"तुमाला. आनि ह्या केमकरला."

सर उठले, दार लावलं. मला वाटलं आता मारतात. पण ते एकदम हळू बोलायला लागले, आणि ते जास्त वाईट होतं. "चन्नप्पा, तू किती शिकलायस?"

"सातवी."

"मी पाच वर्षं ह्यात घातली. पाच वर्षं! आणि सातवी पास माणूस मला शिकवणार? तुला कायम व्हायचंय का नाही, एवढंच सांग."

चन्नप्पा काचेकडं बघत राहिला.

"मग तू अटेंडंट आहेस, अटेंडंटसारखा राहा. ज्याचं काम त्यानं करावं. धोंडीराम, ही काच फेकून दे."

मी काच उचलली. पण स्टोअर सांभाळणारा माणूस काही फेकत नसतो. काडेपेटीत घातली आणि माझ्या कप्प्यात ठेवून दिली. का ठेवली म्हणाल, तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर चन्नप्पा मुका झाला. टिकल्या घासायचा, पण तोंडावर असली कळा की कुणी मेलंय घरात. मला राहवलं नाही. एक दिवस बाटल्या धुताना गाठलं आणि म्हणालो, "काय चन्नप्पा, रेघा गिळल्यास म्हणं? पचल्या का?"

त्यानं बाटली खाली ठेवली. "तुजं काय जातंय बोलायला? तू कायम हायस."

"म्हणून तू खोटं घासणार?"

"व्हय, घासनार! सर खोटं ल्हितेत, मी खोटं घासतो. आनि तू रं? तू काय करतोस? किल्ल्या वाजवत हिंडतोस. तुजा हात लाकडाचा हाय केमकर. रेघ खरी काय, खोटी काय, तुला काय फरक पडतोय? तुला एक टिकली घासता आली न्हाय उभ्या जल्मात."

च्यायला! हे तो बोलला, आणि नळावर दोन शिपाई उभे होते. ते हसले. पाच वर्षांपूर्वी पोरं हसली होती, आता शिपाई हसले. त्या क्षणी मी ठरवलं की ह्याची खोड मोडायची. ह्याची आणि सरांची, दोघांचीही, एकाच दगडात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षक आले. बंगळूरचे, सत्तरीकडं झुकलेले, काटकुळे, कोटाच्या खिशाला दोन पेनं. सर त्यांच्या मागंपुढं नाचत होते. मला सांगून ठेवलं होतं की चौदा नंबरची टिकली सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेव, ती सगळ्यांत देखणी. मी चौदा नंबर खिशात टाकली आणि काडेपेटीतली काच लावली. मजा येत होती, ती कशी नाकारू? माझा हिशोब सोपा होता. परीक्षक बघणार, सर तोंडघशी पडणार, आणि सर चिडून चन्नप्पाचं काही शिल्लक ठेवणार नाहीत. माझ्यावर संशय कोण घेणार? रेघांतलं मला काय कळतं, मी तर लाकडाच्या हाताचा.

परीक्षकांनी डोळा लावला. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाची खालची चकती फिरवली, परत बघितलं, मग चष्मा लावून नुसत्या डोळ्यांनी ती चीर न्याहाळली. इंग्रजीत सरांना काहीतरी विचारलं. सर वाकले आणि तिथंच थिजले. मग घाईघाईनं सांगायला लागले की हा नमुना चुकून लागला, अटेंडंटनं मोडलेला आहे, अडाणी माणूस आहे. दाराशी चन्नप्पा उभा होता, त्याच्याकडं बोट केलं.

परीक्षकांनी विचारलं, घासलं कुणी? एवढं इंग्रजी मला कळतं. सर म्हणाले, सगळे नमुने मी स्वतः घासलेत.

म्हाताऱ्यानं सरांच्या हातांकडं बघितलं. स्वच्छ, गोरे हात, बोटात पुष्कराज. मग चन्नप्पाच्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं आणि कानडीत विचारलं, "यार माडिदरु?" कुणी केलं?

चन्नप्पानं सरांकडं बघितलं. सर त्याच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात सगळं होतं: शिफारस, सही, ऑर्डर. नुसतं 'सरांनी' म्हणायचं होतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. कितीतरी वेळ. मी पंख्याकडं बघायला लागलो.

"ना माडीन्री," चन्नप्पा म्हणाला. मी केलं.

आणि मग त्याला कंठ फुटला. नऊ वर्षांत माझ्याशी जेवढा बोलला नसेल तेवढा तो त्या म्हाताऱ्याशी दहा मिनिटांत कानडीत बोलला. अंगठ्याचं बूड दाखवलं, पुढं रेटून दाखवलं, हात उचलून दाखवला. म्हातारा मान हलवत होता, मधेच त्याचा अंगठा हातात धरून बघत होता. त्यानं एक टिकली दीडशे अंशांवर तापवून सावकाश गार करायला लावली आणि मग परत ॲसिड लावून बघितली. रेघा विस्कटलेल्या, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. म्हणजे तापवून घासण्याचा दाब निघून गेला, की रेघांचं वळणही गेलं. थीसिस परत गेला, दुरुस्तीसाठी.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. डोळे लाल. "ती काच मी तुला फेकायला सांगितली होती."

"फेकली होती सर," मी म्हणालो. "केराच्या डब्यात. ह्यानंच उचलून लावली असणार."

अगदी सहज निघालं तोंडातून. सर म्हणाले, "जा."

एप्रिलच्या तीस तारखेला चन्नप्पाला नेहमीसारखं काढलं. जूनच्या पंधराला परत घेतलं नाही. कायमच्या जागेवर संस्थेच्या कुणा मेंबरचा मेहुणा लागला, त्याला स्टोव्ह पेटवता येत नाही. पुढचंही सांगून टाकतो. सर दोन वर्षांत डॉक्टर झाले. विषय तोच, फक्त आता थीसिस असा की घासण्याच्या दाबानं कणांतले डोमेन कसे फिरतात. साठ टिकल्या त्याच, छायाचित्रं तीच. परवा सत्कार झाला, नारळ दिला, शाल दिली. सरांनी आभार मानताना माझं नाव घेतलं, 'माझे विश्वासू सहकारी धोंडीराम' म्हणाले. मी उठून हात जोडले. चन्नप्पाचं नाव निघालं नाही. तो अजून बापाच्या ओसरीवर बसतो, नागप्पाच्या हाताखाली, बारा महिने.

पण जूनचं सांगायचं राहिलं. परत घेतलेल्यांची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये आला, कप्प्याची किल्ली आणि निळा डगला परत द्यायला. मी स्टोअरमध्ये एकटाच होतो. त्याला बघून मी टेबलाच्या पलीकडं सरकलो. म्हटलं आता हा गळा धरणार. धरला तर धरला, मी पण केमचा आहे, दोन देईन. काच मीच लावली हे त्याला कळल्याशिवाय कसं राहील? त्यानं नव्हती लावली म्हणजे राहिला कोण?

त्यानं डगला घडी करून टेबलावर ठेवला. "काच तुमी लावली," तो म्हणाला. तुमी म्हणाला मला.

मी डगल्याची घडी सारखी करायला लागलो.

"मी न्हवतो बोलनार," तो म्हणाला. "खरं सांगतो. आदल्या रातच्याला चंद्रव्वाला सांगितलं हुतं, तोंड दाबून ऱ्हातो, कायम हुतो, मग बापाच्या दारात न्हाय जायचं. ठरलं हुतं माजं. आनि मी बगितलं तर मशीनखाली तीच काच. म्हंजी तुमी ती जपून ठेवली हुती. कायम मानूस, बायकापोरांचा धनी, आनि सरांच्या नाकावर टिच्चून लावली! मला वाटलं, हा एवडं करतोय, आनि मी गप बसू? नऊ वर्षं मी तुमाला वंगाळ म्हनलो. मापी करा."

सांगावं की काय, असं एकदा आलं मनात. खोटं नाही बोलत, आलं होतं.

"सरांनी मला इचारलं हुतं, काच कुनी लावली," तो म्हणाला. "मी सांगितलं, मीच. माजं तर गेलंच हुतं, तुमचं कशाला घालवू?"

एवढं बोलून तो टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.